अढी आणि ऊहापोह : नागपूरच्या आखाड्यांतील शिक्षणरीतीचा इतिहास

नागपूर आणि त्याच्या भोवतालच्या विदर्भातील कुस्तीचा इतिहास बहुधा आश्रयदात्यांच्या अंगाने सांगितला जातो. भोसल्यांचा दरबार, गिरणीकामगारांच्या वस्त्या, राष्ट्रीय चळवळीच्या काळात निघालेल्या व्यायामशाळा आणि स्वातंत्र्यानंतरची क्रीडासंकुले असे त्याचे टप्पे पाडले जातात व प्रत्येक टप्प्यावर पैसा कोणी दिला, जागा कोणी दिली आणि गदा कोणाच्या खांद्यावर गेली, याची नोंद ठेवली जाते. या सगळ्या बदलांतून जी गोष्ट जवळजवळ जशीच्या तशी टिकून राहिली, ती म्हणजे आखाड्यातील शिकण्याची रीत. मोजके डाव, त्यांची रोजची घोटाई, वस्तादाची नजर आणि वर्षानुवर्षांचा धीर या चार गोष्टींवर उभी असलेली ही रीत हाच आखाड्याचा खरा वारसा आहे, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला विसाव्या शतकात घडलेल्या ब्राझिलियन जिउ-जित्सूसारख्या विद्येशी तिचे जे नाते दिसते, त्यामुळे तिचे मोल आज अधिक स्पष्टपणे कळू शकते.

आखाडा हा शब्द संस्कृतातील ‘अक्षवाट’ या शब्दापासून आला असे मानले जाते, तर त्याच आखाड्यात रोज उच्चारले जाणारे पहिलवान, वस्ताद आणि खुराक हे शब्द फारसीच्या वाटेने आलेले आहेत, आणि या सरमिसळीतच कुस्तीच्या घडणीचा मोठा भाग सांगितला जातो. आखाड्याच्या मध्यभागी असलेल्या, माती भरलेल्या खोलगट चौकोनाला हौदा म्हणतात. या हौद्यासाठी नागपूरच्या पश्चिमेकडची काळी कापसाची माती चालत नाही, कारण ती भिजली की अंगाला चिकटते आणि वाळली की भेगाळून टणक होते. त्यासाठी तांबडी, भुसभुशीत माती चाळून घ्यावी लागते आणि तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू व कापूर घालून ती मुरवावी लागते. तेलाने ती धूळ होऊन उडत नाही, हळदीमुळे खरचटलेल्या अंगाची काळजी घेतली जाते अशी समजूत आहे, आणि घामाने निसरडे झालेले मनगट पकडण्यापूर्वी हातावर घेतलेली चिमूटभर माती पकडीला आधार देते. कुस्ती सुरू होण्यापूर्वी मल्ल माती कपाळाला लावतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकतो, त्यात श्रद्धा आहे तशीच ही व्यवहाराची बाजूही आहे.

नव्या पोराला या हौद्यात पहिल्या दिवशी कुस्ती खेळायला मिळत नाही. त्याच्या हाती प्रथम फावडे येते, कारण आदल्या दिवशी पायांखाली दाबली गेलेली माती पहाटे खणून पुन्हा मऊ करावी लागते, आणि हे काम खांदा, पाठ व पकड यांना एकाच वेळी घडवते. त्यानंतर जोर आणि बैठका येतात. जोर म्हणजे हात व पायांच्या चवड्यांवर शरीर तोलून छाती जमिनीलगत कमानीसारखी पुढे नेण्याचा आणि पुन्हा मागे आणण्याचा व्यायाम. बैठका म्हणजे उकिडवे बसून उठण्याचा व्यायाम. पहिल्यात कुस्तीतील ढकलणे आणि निसटणे आहे, दुसऱ्यात पाय रोवणे आणि उचलणे आहे, म्हणून जोर-बैठकांना मेहनत म्हणत असले, तरी ती डावांचीच पूर्वतयारी असते. पोराच्या अंगात ही मेहनत मुरल्यावर मग त्याला खडाखडीला उभे केले जाते. खडाखडी म्हणजे दोघांनी मनगटाला मनगट आणि मानेला हात भिडवून एकमेकांचा तोल, श्वास आणि हेतू अजमावण्याचा लढतीचा पहिला टप्पा. डाव टाकण्याची घाई झालेल्या मुलाला कितीतरी दिवस याच टप्प्यात राखले जाते.

या घोटाईचे स्वरूप नीट समजण्यासाठी ‘एकेरी पट’ हा एकच डाव जवळून पाहावा. प्रतिस्पर्ध्याचा पुढे आलेला एक पाय दोन्ही हातांनी गुडघ्यामागे कवळायचा, डोके त्याच्या बरगडीला घट्ट भिडवायचे आणि खांद्याचा भार देत त्याला अशा दिशेने वळवायचे, की तोल सावरायला त्याच्याकडे दुसरा पाय उरू नये. ऐकायला सोपा वाटणारा हा डाव नवशिक्याच्या हातून हमखास फसतो, कारण तो गुडघ्यांत वाकण्याऐवजी कमरेत वाकतो, त्याची नजर मातीकडे जाते व मान खाली पडते, आणि त्याच क्षणी समोरचा त्याच्या पाठीवर येऊन ताबा घेतो. वस्ताद त्यावर लांबलचक व्याख्यान देत नाही. तो मान वर ठेवायला सांगतो आणि पुन्हा करायला लावतो. चुकीची कमर सुटून बरोबर गुडघा वाकायला काही महिने जातात. तेवढे झाल्यावर त्या डावाची तोड, म्हणजे त्याला दिलेले उत्तर, शिकवली जाते, आणि मग त्या तोडीचीही तोड शिकवली जाते, त्यामुळे एका पटाच्या पोटात हळूहळू डावांचे कुटुंब उभे राहते. ज्याने पन्नास डाव पाहिले आहेत त्याच्यापेक्षा ज्याने एक पट असा पिकवला आहे तो मल्ल मातीत अधिक काळ टिकतो, हे तत्त्व येथे कोणी भिंतीवर लिहून ठेवत नाही, कारण रोजच्या शिस्तीतच ते भिनलेले असते.

या रीतीची मुळे फार जुनी आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या राजवटीत, ११३० च्या सुमारास, सिद्ध झालेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मल्लविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांची वय, अंगकाठी आणि बळ यांनुसार वर्गवारी केली असून त्यांचा आहार व व्यायाम यांचीही माहिती दिली आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्ल या मल्लसमाजाशी निगडित असलेला आणि बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘मल्लपुराण’ हा मध्ययुगीन ग्रंथ त्याहून पुढे जातो. व्यायामाला तो ‘श्रम’ म्हणतो आणि श्रमांचे अनेक प्रकार सांगतो. हौद्यातील प्रत्यक्ष लढत म्हणजे रंगश्रम, खांबावरचा व्यायाम म्हणजे स्तंभश्रम, आणि पाण्यातील व्यायामापासून जेवणानंतरच्या फेरफटक्यापर्यंत इतर श्रमही त्याच्या यादीत आहेत. या यादीत ‘ऊहापोहश्रम’ हे एक नाव येते. मराठीत आज ऊहापोह हा शब्द सभा आणि लेख यांच्यापुरता उरला आहे, पण त्या ग्रंथात डावप्रतिडावांची चर्चा आणि चिकित्सा हा जोर-बैठकांच्याच पंक्तीला बसणारा एक व्यायाम मानला आहे. मल्लाने विचार करणे हा मेहनतीचा भाग आहे, मेहनतीनंतरची विश्रांती नाही, हे त्या वर्गीकरणात गृहीत धरलेले आहे. हौद्याच्या काठावर बसून दुसऱ्यांच्या लढती न्याहाळणारा आणि वस्तादाच्या तोंडून त्यांची चिकित्सा ऐकणारा मुलगा त्या वेळीही शिकतच असतो, ही आखाड्यातील समजूत या जुन्या विचाराशी थेट जुळते.

स्तंभश्रमाचा धागा पेशवाईच्या अखेरीस पुन्हा ठळक झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नव्याने मांडली, ही परंपरा महाराष्ट्रात सर्वमान्य आहे. हैदराबादेहून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांना आव्हान देण्यासाठी बाळंभटांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर साधना केली आणि तेथे खुद्द मारुतीने त्यांना खांबावरची विद्या दाखवली, अशी तिच्याबरोबर आख्यायिकाही सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी मल्लखांबाच्या मागची कल्पना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची ठरते. जोडीदार थकतो, चिडतो, दुखावतो आणि कधी आखाड्यात येतही नाही, पण खांब थकत नाही, म्हणून पकडीची घोटाई खांबावर हवी तितकी करता येते. मल्लखांबाची मूळ पकड म्हणजे ‘अढी’. तीत मांड्या व पाय खांबाभोवती असे गुंफले जातात, की हात सुटले तरी शरीर खांबाला धरून राहते. मनात अढी बसणे हा मराठीतला वाक्प्रचार अशाच गाठीसारख्या पकडीची आठवण करून देतो. अढी पक्की झाल्याशिवाय पुढचे काही शिकवले जात नाही, आणि पुढचे सगळे प्रकार आल्यावरही सरावाची सुरुवात अढीनेच होते.

नागपुरात हा वारसा टिकण्यामागे आश्रयाचे झालेले स्थित्यंतर महत्त्वाचे आहे. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीच्या धोरणानुसार नागपूरचे राज्य खालसा झाले, तेव्हा मल्लांना पोसणारा दरबार नाहीसा झाला. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, कापसाच्या व्यापाराने आणि गिरण्यांनी शहरात मजुरांच्या दाट वस्त्या उभ्या केल्या, आणि दरबारानंतरच्या या शहरात आखाड्याचा आधार बनल्या त्या मोहल्ला आणि वस्ती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांच्या खंडांचे संपादक वसंत मून यांच्या ‘वस्ती’ या आत्मकथनात नागपूरच्या दलित वस्तीचे जे चित्र आहे, त्यात पहिलवान आणि त्यांचे आखाडे यांना मानाची जागा आहे. गावगाड्याने ज्यांना वाकून चालायला लावले, त्यांच्या मुलांना ताठ उभे राहायला शिकवणारी जागा म्हणून आखाड्याचे हे महत्त्व लक्षात घ्यावे लागते. गरीब वस्तीला आखाडा परवडला, याचे कारण त्याच्या शिक्षणरीतीतच होते. जोर-बैठकांना साधन लागत नाही, माती फुकट असते, आणि शिकण्याचे मुख्य साहित्य म्हणजे आपल्यासारखाच दुसरा मुलगा आणि रोजची पहाट. खुराकाचा प्रश्न मात्र खराच होता, कारण दूध, तूप आणि बदाम कामगाराच्या घरी रोज येत नव्हते आणि चांगल्या अंगाची कितीतरी मुले याच टप्प्यावर मागे राहिली असतील.

विसाव्या शतकाच्या आरंभी या वस्तीतल्या आखाड्यांच्या जोडीला संस्थांचा काळ आला. नागपूरच्या पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवर अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा सुरू केला आणि त्यातून पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांपुढे केली. नागपुरात अण्णा खोत यांची व्यायामशाळा १९२० च्या दशकात शहरातील मध्यमवर्गीय तरुणांचे केंद्र होती आणि तेथील व्यायामाला त्या काळच्या राजकारणाचा व संघटनेचा रंग चढलेला होता. संस्थांनी शिक्षणरीतीत एक बदल निश्चित केला. एका वस्तादाच्या भोवती आठदहा पठ्ठे, या जुन्या रचनेऐवजी रांगा, वर्ग, तास आणि अभ्यासक्रम आले. बडोद्याहून द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांच्या संपादनाखाली १९३६ पासून निघालेल्या मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांनी तोंडी विद्येला कागदावर आणले. त्यामुळे वस्ताद गेला तरी त्याच्याबरोबर डाव जाणार नाही, अशी सोय झाली. कागदावरचा डाव अंगात उतरवायला मात्र मातीच लागत राहिली.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या भागांत झुंजीची विद्या शिकवायची कशी या प्रश्नाची वेगळी उत्तरे शोधली जात होती. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, कोदोकान ही शाळा सुरू केली आणि जुन्या जुजुत्सूतून धोकादायक भाग वगळून जुदोची पद्धत बसवली. ठरलेल्या क्रमाने करायचा सराव म्हणजे काता आणि प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी मोकळी झुंज म्हणजे रांदोरी, अशी त्यांनी सरावाची दोन अंगे मानली. त्यांचे शिष्य मित्सुयो मायेदा १९०४ मध्ये जपानबाहेर पडले, अनेक देशांत लढत लढत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे बेलेंग या शहरात स्थायिक झाले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले, आणि कार्लोस यांचे धाकटे, किरकोळ अंगाचे भाऊ एलिओ यांनी बळापेक्षा तरफेवर आणि योग्य वेळेवर भर देत जमिनीवरच्या झुंजीची विद्या अधिक बारीक केली. तिलाच आज ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणतात. भारताला जपानी विद्या अनोळखी नव्हती. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो यांना आणि १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात ती शिकवण्यासाठी आणले होते. पण नागपूरच्या मातीत त्या काळी रुजलेली होती ती देशी कुस्तीच.

कुस्ती आणि जिउ-जित्सू या दोन्ही विद्यांत मूलभूत फरक आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय त्यांच्यातील साम्याला अर्थ येत नाही. कुस्तीत पाठ मातीला लागली की मल्ल चीतपट होतो, म्हणून खाली गेलेला मल्ल पोटावर राहतो आणि पाठ आकाशाकडे ठेवतो. १९१० मध्ये लंडनमध्ये गामा पहिलवानाविरुद्ध स्टॅनिस्लॉस झ्बिस्को अडीच तासांहून अधिक काळ बहुतेक वेळ असाच गादीला चिकटून राहिला आणि लढत बरोबरीत सुटली. जिउ-जित्सूत मात्र पाठीवर पडणे म्हणजे हार नव्हे. हार होते ती सांध्याला पीळ बसल्यावर किंवा गळा आवळला गेल्यावर थाप देऊन शरण गेल्यावर. म्हणून पाठीवर पडलेला खेळाडू दोन्ही पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती गुंफून त्याला जखडतो, त्याचा तोल हलवतो आणि खालूनच लढतो. या स्थितीला ‘गार्ड’ म्हणतात, आणि मल्लखांबाची अढी ज्याने घोटली आहे त्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही, कारण मांड्यांचा तोच आवळ, पावलांची तीच गुंफण आणि हात मोकळे ठेवण्याचा तोच हेतू तेथे आहे. एका विद्येत खांबाला माणूस मानले आहे, दुसरीत माणसाला खांब.

प्रगती मोजण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. कानोंच्या शाळेपासून चालत आलेल्या दर्जांच्या कल्पनेचा विस्तार करून जिउ-जित्सूत पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा असे पट्टे आले, आणि काळ्या पट्ट्याला पोहोचायला सामान्यतः दहाएक वर्षे लागतात. आखाड्यात पट्टा नसतो. तेथे दर्जा कळतो तो ‘जोड’ कोणाशी लावली जाते यावरून. जोड म्हणजे तुल्यबळ प्रतिस्पर्धी, आणि यात्रेच्या दंगलीत पंच ज्या मल्लापुढे एखाद्याला उभे करतात, त्यावरून त्याची आजची किंमत साऱ्या गावाला दिसते. पट्टा मिळाला की राहतो, जोड मात्र दर हंगामात नव्याने सिद्ध करावी लागते. दोन्ही पद्धतींमागे एकच जाण आहे, की हे शिकणे महिन्यांत मोजता येत नाही आणि मध्येच सोडून जाणाऱ्यांची संख्या टिकणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी असते.

या धीराचे मराठी मुलखातील सर्वांत मोठे उदाहरण नागपूरपासून दूर, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरच्या कुस्तीची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती, तरीही ते फ्लायवेट गटात सहावे आले. पुढील चार वर्षांत त्यांनी आपले मूळचे डाव सोडले नाहीत. प्रतिस्पर्ध्याला कवळून कमरेवरून फेकण्याचा ‘ढाक’ हा त्यांचा आवडता डाव त्यांनी गादीवर बसवला, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. मातीवरून गादीवर जाताना पाया बदलावा लागत नाही, तो नव्या जमिनीवर पुन्हा घालावा लागतो, हे त्यांच्या वाटचालीतून दिसते. १९६१ पासून होणाऱ्या महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत आज माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत जुजित्सूचाही समावेश झाला, त्यामुळे विदर्भातल्या मुलापुढे आज माती, गादी आणि चटई अशा तीन जमिनी आहेत.

जुन्या रीतीचे दोषही नोंदले पाहिजेत. वस्तादाचा शब्द अंतिम मानल्यामुळे अनेक ठिकाणी ऊहापोह एकतर्फी झाला आणि शिष्याला प्रश्न विचारण्याची मुभा राहिली नाही. एखादा डाव स्वतःपाशी राखून ठेवण्याच्या वृत्तीमुळे काही विद्या वस्तादांबरोबरच संपली. मुलींना हौद्याबाहेर ठेवण्यात कित्येक पिढ्यांची ताकद वाया गेली, आणि महिलांसाठी महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरायला २०२३ साल उजाडावे लागले. हे दोष माणसांनी आणि त्यांच्या काळाने त्या रीतीला चिकटवलेले आहेत, तिच्या गाभ्यातले नाहीत, आणि मल्लपुराणाने विचाराला श्रमांत दिलेली जागा पुन्हा मिळाली तर ते दूर होऊ शकतात.

आखाड्यात फावड्याचे काम कधीच संपत नाही. पहाटे भुसभुशीत केलेला हौदा दिवसभराच्या पावलांनी दाबला जातो आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा खणावा लागतो. हे काम नवख्यापासून सुरू होत असले, तरी दंगली जिंकून आलेला मल्लही त्यात हात घालतो, आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. पट, खडाखडी आणि अढी यांचेही तसेच आहे. त्या गोष्टी पहिल्या वर्षी शिकून मागे टाकायच्या पायऱ्या नाहीत, कारण न खणलेली माती जशी दगडासारखी होते, तसाच न घोटलेला डावही अंगात आखडून जातो. दरबार गेले, गिरण्या बंद पडल्या, संस्थांचे काळ बदलले, पण जेथे जेथे आखाडा जिवंत आहे तेथे उजाडण्यापूर्वी कोणीतरी ती माती खणत असते, आणि या विद्येचे शिक्षण आजही तेथूनच सुरू होते.